मुंबईतली इतिहासाची आणि कलेची संग्रहालयं: दोन अर्ध्या दिवसांत नीट कशी पाहावीत

मुंबईत पाहण्यासारखी संग्रहालयं बरीच आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने चार निवडावीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) आणि जहांगीर आर्ट गॅलरी ही तिन्ही काळा घोडा-रीगल परिसरात चालण्याच्या अंतरावर आहेत. चौथं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. चारही एका दिवसात उरकायचा बेत फसतोच. दीड-दोन तासांनंतर पाय चालत राहतात, पण पाहिलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून दोन अर्धे दिवस काढा, एक भायखळ्यासाठी आणि एक फोर्टसाठी, म्हणजे पहिल्या तिन्हींसाठी.

आधी वार ठरवा

भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, तर एनजीएमए सोमवारी. मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार सगळ्यात सोयीचे. हिवाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली येतात, तेव्हा दुपार बरी. निघण्याआधी त्या दिवशीची वेळ आणि तिकीटदर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. सार्वजनिक सुट्टी असेल किंवा दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद असेल, तर दारातून परत फिरावं लागतं. मोठी बॅग प्रवेशापाशी ठेवून जावं लागू शकतं, त्यामुळे पाकीट आणि फोन मावेल एवढी छोटी पिशवी घ्या. टिपणं काढायची असतील तर पेन्सिल न्या. शाईचा डाग वस्तूवरून निघत नाही, म्हणून दालनात पेन्सिलच योग्य.

सुरुवात भायखळ्यापासून

हा क्रम मुद्दाम सुचवतो आहोत. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. पूर्वी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. इथे शहराची गोष्ट कळते: जुने नकाशे, मातीच्या छोट्या मूर्तींतून दाखवलेले मुंबईतले समाज, त्यांचे पोशाख आणि पगड्या. हे आधी पाहिलं की फोर्टमधल्या वस्तू कुठल्या शहरात येऊन थांबल्या ते उमगतं.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की चालत दहा-पंधरा मिनिटांत राणीची बाग येते. प्राणिसंग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि या संग्रहालयाचं वेगळं. रविवारी पुष्कळ लोक चुकीच्या रांगेत वेळ घालवतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

आत जाण्याआधी बाहेरचा दगडी हत्ती नक्की पाहा. हा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळेच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत उचलताना पडून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. जवळ जाऊन पाहिलं तर सांधे दिसतात. आतल्या दोन मजल्यांना दीड तास पुरतो. खांब, जिने आणि छत यांवरची सोनेरी कलाकुसर पाहायला मान वर करायची आठवण ठेवा.

फोर्टचा दिवस

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दार उघडताना पोहोचा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून पायी वीसेक मिनिटं लागतात. १९०५ मध्ये या इमारतीची कोनशिला बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची ही रचना १९१४ पर्यंत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं, त्यामुळे संग्रहालय खुलं व्हायला १९२२ उजाडलं. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहे, हे बागेतूनच बघून घ्या.

आत गेल्यावर सगळी दालनं फिरायचा मोह टाळा. तीन निवडा. आमची निवड म्हणजे शिल्पं, लघुचित्रं आणि शस्त्रं.

तळमजल्यावरच्या शिल्पदालनाला पाऊण तास द्या. मूर्तीपुढे उभं राहिल्यावर पाटी लगेच वाचू नका. आधी हात मोजा, हातांतली आयुधं पाहा, पायाशी वाहन आहे का बघा, आणि देवता ओळखून मग पाटी वाचा. पाचव्या-सहाव्या मूर्तीपासून हे आपोआप जमू लागतं. घारापुरीची शिल्पंही इथे आहेत, भायखळ्याच्या हत्तीची शेजारीण म्हणून ती शोधा. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मंदिरातले ब्रह्मा, विष्णू, शिव यांचे मोठे शिल्पपट मुळात छतावर होते. ते समोरून नव्हे, खालून मान वर करून पाहण्यासाठी कोरलेले आहेत, हे ध्यानात धरलं तर त्यांची मांडणी वेगळीच दिसते. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातली पक्क्या भाजलेल्या मातीची शिल्पंही चुकवू नका.

लघुचित्रं पहिल्या मजल्यावर आहेत. तिथे उजेड मंद असतो, कारण प्रखर प्रकाशाने कागद आणि रंग खराब होतात आणि ते नुकसान भरून येत नाही. फ्लॅशला बंदी असते ती याचसाठी. आत शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. ही चित्रं हातात धरून पाहण्यासाठी काढलेली होती, चार पावलं लांबून ती फक्त रंगीत चौकोन वाटतात. काचेला हात न लावता फूटभरावर या. आधी कडेची पात्रं बघा, मग मधलं. दहाच चित्रं पाहा, पण प्रत्येकाला तीन मिनिटं द्या. मुघल, राजस्थानी, पहाडी आणि दख्खनी शैलींतली दोन-दोन घेतली तरी चेहरे, झाडं आणि आकाश रंगवण्यातला फरक डोळ्यांत भरतो.

मग थोडं बसा, पाणी प्या. शस्त्रदालनाला वीस मिनिटं पुरतात. अकबराचं चिलखत आणि ढाल तिथे आहे.

समोरच एनजीएमए. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचं १९९६ मध्ये कलादालन झालं. इथली प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे काय चालू आहे ते आधी पाहा. मांडामांड सुरू असेल तर जाऊ नका.

शेवटी जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासूनच्या या गॅलरीत प्रवेश फुकट आहे आणि प्रदर्शनं साधारण आठवड्याने पालटतात. चित्रकार बहुधा स्वतः तिथेच बसलेले असतात. कुठला रंग वापरला, आधी काय रेखाटलं, हे बेलाशक विचारा. चित्र विकत घ्यायचं नसलं तरी बहुतेक जण आनंदाने सांगतात.