अतिस्थूल रुग्णाची भूल: व्हेंटिलेटर वजनावर नव्हे, उंचीवर लावा

अतिस्थूल रुग्ण उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि भूल चढली की ते आणखी वर सरकतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा घटते, पाठीकडचे वायुकोश मिटतात, आणि ऑक्सिजनचा खर्च मात्र जास्तच असतो. ऑक्सिजन नीट भरून घेतलेला सडपातळ माणूस श्वास थांबल्यावर सात-आठ मिनिटं तग धरतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० च्या वर असेल तर दोन-तीन मिनिटांतच सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याआधीच्या तयारीला द्या.

आदल्या दिवशी उंची टेपने मोजा. वजन रुग्णाला माहीत असतं, उंची बहुतेकदा नसते. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं याबद्दल घरच्यांना विचारा. मराठवाड्यात गुटखा फार, त्यामुळे तोंड तीन बोटं उघडतं का ते बघाच; जाड मान आणि आखडलेला जबडा एकत्र आले तर ट्यूबचा बेत आधीच बदलावा लागतो. अशा रुग्णाला, किंवा रात्रभर लक्ष ठेवायची सोय नसेल तर, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात आधीच पाठवा. टेबल किती वजन पेलतं तेही त्यावरच्या पट्टीवर वाचून घ्या.

रॅम्पसाठी, म्हणजे डोकं आणि खांदे उतारासारखे उंच करायला, महागडी उशी लागत नाही. चादरी-ब्लँकेटच्या घड्या पाठीच्या वरच्या भागाखाली कमी, खांद्यांखाली जास्त आणि डोक्याखाली सर्वांत जास्त अशा रचा. कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडावरची खाच बाजूने पाहिल्यावर एका आडव्या रेषेत यायला हवी. नुसती डोक्याखाली उशी दिली तर मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लॅरिंगोस्कोपची (घसा बघायच्या उपकरणाची) मूठ छातीवर अडते. बायकांचा अंबाडा आधी सोडवून वेणी बाजूला घ्या. मग पट्टे बांधून टेबलाची डोक्याकडची बाजू २५ ते ३० अंश उचला.

मास्क घट्ट धरून १०० टक्के ऑक्सिजन, ५ ते १० सेंमी पाण्याचा सीपॅप (मास्कमधून सतत दिलेला हवेचा दाब). सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन ९० टक्के दिसेपर्यंत थांबा. मोजायची सोय नसेल तर मास्क न उचलता पूर्ण पाच मिनिटं. मध्येच मास्क उचलला तर हवेतला नायट्रोजन परत आत जातो. ट्यूब टाकताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवा. त्यासाठी वेगळा सिलिंडर वापरत असाल तर त्याचा दाब आधी तपासा. मास्कने श्वास देणं अवघड जाईल हे धरूनच चाला: तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी), मास्क दोन्ही हातांनी, बॅग दाबायला दुसरा माणूस.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी रोक्युरोनियम आदर्श (उंचीनुसार असायला हव्या त्या) वजनावर द्या, सक्सामेथोनियम प्रत्यक्ष वजनावर.

आता व्हेंटिलेटर. फुप्फुसं चरबीबरोबर वाढत नाहीत. बाईसाठी ४५.५ मध्ये आणि पुरुषासाठी ५० मध्ये, सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करून आलेल्या आकड्याची ०.९१ पट मिळवा. उंची १५५ सेंमी, वजन १३० किलो अशी बाई असेल तर हिशेबाचं वजन सुमारे ४८ किलो. एका श्वासाला किलोमागे ६ ते ८ मिली म्हणजे २९० ते ३८० मिली. १३० धरून ८ ने गुणलं तर १०४० मिली होतात आणि फुप्फुस फाटायची वेळ येते. श्वासाचा रेट मिनिटाला १२ ते १६, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बघून.

पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, ८-१० सेंमी पाण्यापासून सुरू करा. २०१९ च्या प्रोबीस चाचणीत, सुमारे २००० रुग्णांत, रिक्रूटमेंटसह (मिटलेले वायुकोश दाबाने उघडून) १२ चा पीप आणि ४ चा पीप यांत शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसाच्या तक्रारींत फरक दिसला नाही. त्यामुळे सरसकट जास्त पीप लावू नका. प्लॅटो (श्वास आत घेऊन थांबल्यावरचा दाब) वजा पीप हा फरक १५ च्या आत राहील आणि बीपी टिकेल असा आकडा निवडा.

ट्यूब टाकल्यावर आणि सर्किट सुटल्यावर दर वेळी मिटलेले वायुकोश उघडा. प्रेशर कंट्रोलवर पीप पाच-पाचने वाढवत वरचा दाब ४० पर्यंत न्या, आठ-दहा श्वास द्या, मग ठरलेल्या पीपवर परत या. बीपी पडलं की लगेच थांबा. हाताने बॅग दाबून हे करू नका, कारण व्हेंटिलेटरकडे वळवताना दाब सुटतो आणि उघडलेलं पुन्हा मिटतं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवल्यावर सॅच्युरेशन पडलं तर आधी ट्यूब बघा. फुप्फुसं वर ढकलली गेल्याने ती उजव्या श्वासनलिकेत गेलेली असू शकते. पीक दाब (श्वास आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) वाढला पण प्लॅटो तसाच असेल तर ट्यूब मुडपलीय, कफ साचलाय किंवा श्वासनलिका आवळल्यात. दोन्ही वाढले तर पोटातला दाब कमी करायला सर्जनना सांगा. ऑक्सिजन १०० टक्के करून निर्धास्त होऊ नका. तो पूर्ण शोषला जातो आणि वायुकोश आणखी मिटतात. ४० ते ५० टक्के पुरतो. वीज गेली तर म्हणून पीप व्हॉल्व्हसह अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी हवी.

ट्यूब काढताना रुग्ण पूर्ण जागा, डोकं उंच, ट्रेन ऑफ फोर (नसेला चार झटके देऊन स्नायूंची ताकद मोजणारी चाचणी) ०.९ च्या वर. नुसतं डोकं उचललं म्हणून स्नायूंची ताकद आली असं धरू नका. मॉर्फिनजातीची औषधं कमीत कमी द्या. पॅरासिटामॉल आणि नर्व्ह ब्लॉकवर भर द्या. घरी सीपॅप असेल तर तो आणायला आदल्या दिवशीच सांगा, रिकव्हरीत तोच लावा. पहिली रात्र ३० अंश उंच आणि पल्स ऑक्सिमीटर सतत बोटावर.