दिनविशेष लिहिताना या चुका टाळा: फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

शाळेच्या फळ्यावर किंवा वाचनालयाच्या फलकावर २७ फेब्रुवारीला ‘मराठी राजभाषा दिन’ लिहिलेलं अनेकदा दिसतं. तो १ मे रोजी असतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२), म्हणून मराठी भाषा गौरव दिन. २८ तारखेला रामन यांची जयंती लिहिणंही चूकच. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, आणि राष्ट्रीय विज्ञान दिन हा १९२८ सालच्या रामन परिणामाच्या शोधाचा. कच्च्या यादीतच प्रत्येक नोंदीपुढे जन्म, मृत्यू की घटना ते लिहा.

वर्षं मोजताना एकाचा फरक पडतो. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. त्यांचं १५० वं जयंती वर्ष २३ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं, १५० वर्षं पूर्ण झाली ती २०२६ ला. ‘१५० वी जयंती’ लिहायची ती पूर्ण झाल्यावरच.

सर्वांत जपून हाताळायच्या त्या शिवकालीन तारखा. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. शकाचं इसवी सन काढायला इथे ७८ मिळवले की १६२९ येतं आणि वर्ष चुकतं. चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८, माघ-फाल्गुनात ७९. मार्गशीर्ष-पौषात १ जानेवारी उलटली का ते पाहायचं. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते. दोन्ही बरोबर, पण एकाच यादीत दोन पद्धती मिसळू नका. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत ग्रेगोरियन तारखा असतात, तर सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रांत ज्युलियन, म्हणजे त्या शतकात दहा दिवस मागे. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे सुरतेची जानेवारी १६६४ ची लूट त्यांच्या पत्रात १६६३ मध्ये दिसू शकते. तिथी उत्तरेकडच्या पंचांगातून घेतली तर आणखी एक फसगत होते: आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण म्हणून छापलेला असतो.

२९ फेब्रुवारीची नोंद (मोरारजी देसाई, १८९६) इतर वर्षी २८ ला टाकली तरी मूळ तारीख कंसात द्या. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तेव्हा ‘२९ फेब्रुवारी १९००’ असा जन्म कुठे आढळला तर तो सरळ वगळा.

गावातल्या मंडळींचे वाढदिवस मात्र शाळेच्या दाखल्यावरून उतरवू नका. जुन्या पिढीत तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावत, म्हणून त्या एका दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस निघतो. घरच्यांना तिथी, सण किंवा ‘दुष्काळाच्या साली’ अशी खूण विचारा आणि त्या वर्षीच्या जुन्या पंचांगात ताडून पाहा. हयात व्यक्तीसाठी ‘वाढदिवस’, दिवंगतासाठी ‘जयंती’. यादी जुनी असेल तर फलक लावण्याआधी प्रत्येक नाव घरी विचारूनच घ्या, आणि जन्मवर्ष त्यांची परवानगी असेल तरच लिहा.