मणक्यातली दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन : आधी काय विचारावं, नंतर कसं उठावं

नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा पलंगावरून उठवून उभं करणं हे माझं रोजचं काम. "एवढं ऑपरेशन केलं, तरी कंबर दुखतेच आहे," हे मला वरचेवर ऐकावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते, की हे ऑपरेशन मुख्यतः पायांसाठी असतं. चालताना पायात येणारी कळ, जडपणा, पोटऱ्या भरून येणं यात चांगला फरक पडतो. जुनी कंबरदुखी थोडी कमी होते, कधी तशीच राहते. बधिरपणा जायला महिने लागतात आणि नस फार दिवस दबलेली असेल तर थोडा कायमही राहतो.

वयानुसार मणक्यातला नसांचा मार्ग अरुंद होत जातो. दोन मणक्यांमधली गादी मागे फुगते, सांधे जाड होतात, आतला लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, तोही जाडावतो. बहुतेकांचा त्रास एल-४ आणि एल-५ या, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या, मणक्यांमध्ये असतो. ताठ उभं राहिलं की हा मार्ग आणखी आवळला जातो, पुढे वाकलं की जरा मोकळा होतो. आमच्याकडे येणारे द्राक्षबागायतदार हे फार नेमकं सांगतात. बसून खुरपताना काही होत नाही, पण मांडवाखाली हात वर करून छाटणी करायला लागलं की थोड्या वेळात पाय भरून येतात. काहींना सायकल कितीही चालवता येते, पण तेवढंच अंतर पायी जाता येत नाही. ऑपरेशनमध्ये मणक्याच्या मागच्या हाडाची कमान आणि जाडावलेला लिगामेंट काढून नसांना जागा करून देतात. त्याला लॅमिनेक्टमी म्हणतात. हल्ली पुष्कळदा कमानीचा थोडाच भाग काढून काम भागतं.

सर्जनला भेटायला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. नेमक्या कोणत्या पातळीवर, म्हणजे कोणत्या मणक्यांमध्ये, ऑपरेशन करणार? पायाची ताकद कमी झाली आहे का? नसेल, तर आधी व्यायाम आणि औषधं करून बघायला वेळ आहे का? आणि स्क्रू टाकून मणके एकमेकांना जोडणार असाल तर का? हा शेवटचा प्रश्न अजिबात संकोच न करता विचारा. स्वीडनमध्ये २४७ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नुसती नस मोकळी केलेल्यांपेक्षा जोडीला मणके जोडून घेतलेल्यांना दोन वर्षांनी काही जास्त फायदा दिसला नाही. मणका हलता असेल, खूप सरकलेला असेल, तर स्क्रूची गरज पडू शकते. पण ती एक्स-रे दाखवून समजावून सांगता आली पाहिजे.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

तारीख ठरली की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. त्या कधी बंद करायच्या हे त्यांनीच ठरवायचं. साखर आटोक्यात आणा. तंबाखू आणि मिश्री सोडा, त्याने जखम भरायला उशीर होतो. आजी "मी फक्त दात घासते" म्हणतात, पण मिश्रीही तंबाखूच. घरी कमोडची खुर्ची आणून ठेवा. जमिनीवरचं अंथरूण नको, गुडघ्याच्या उंचीचा पलंग हवा. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर मांडून ठेवा. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा.

ऑपरेशनला साधारण एक ते तीन तास लागतात, पातळ्या जास्त असतील तर आणखी वेळ. पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, त्यामुळे नंतर चेहरा सुजलेला दिसतो, घसा दुखतो. नातेवाईक घाबरतात, पण हे एक-दोन दिवसांत उतरतं. कधी लघवीची नळी असते, कधी पाठीत ड्रेन, म्हणजे जखमेत साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी. नसांवरचं आवरण ऑपरेशनमध्ये फाटलं असेल तर ते शिवतात आणि एखादा दिवस सपाट झोपायला सांगतात.

आता उठायचं कसं, ते. ऑपरेशनच्या आधीच घरी याची सवय करा. उताणं असताना दोन्ही गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून कुशीवर या, कमरेत पीळ पडता कामा नये. पलंगाच्या कडेशी या. पाय खाली सोडत सोडतच खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून अंग वर उचला. बसल्यावर लगेच उभं राहू नका. जरा दम घ्या, चक्कर येत नाही ना बघा. आणि नातेवाईकांनो, कृपा करून हात धरून ओढू नका. खांद्यामागे तळहाताचा आधार पुरे. झोपताना हेच सगळं उलट क्रमाने.

घरी गेल्यावर पहिले सहा आठवडे वाकणं, वजन उचलणं आणि कमरेतून वळणं टाळायचं. दोन-तीन किलोच्या वर काही नको, म्हणजे पाण्याची कळशी नको आणि नातवंड तर नाहीच. चालणं हाच व्यायाम. एकदम लांब न जाता दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चाला. सलग अर्ध्या तासाच्या वर बसू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथल्याने कमरेवर ताण येतो, त्यामुळे पाणी भरपूर प्या, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद, तेल, लेप काही नको, आणि मालिशवाल्याला घरात घेऊ नका. टेबलावरचं काम चार ते सहा आठवड्यांत सुरू होतं, शेतीला तीन महिने धरा. दुचाकी आणि मांडी घालून बसणं सर्जनला विचारूनच.

१०१ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसलं की डोकं ठणकणं आणि आडवं झालं की थांबणं, एका पोटरीला सूज, चालताना नकळत पायातून चप्पल निसटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टीत जा. वॉर्डाचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर डिस्चार्जच्या आधीच मागून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा.