गेमचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी : सोलापुरातील काही अनुभव

मानसशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा माझा विषय एका वाक्यात सांगता येत होता : मोबाईलवरील गेममुळे आठवी-नववीच्या मुलांच्या अभ्यासावर आणि वागण्यावर काय परिणाम होतो. आज एखादी विद्यार्थिनी हेच वाक्य घेऊन केगावला विद्यापीठात भेटली, तर मी तिला आधी विचारते की गेम नेमका कोणता, परिणाम कशावर मोजणार, आणि गेम नसता तर त्या वेळात ते मूल काय करत असते. या प्रश्नांची उत्तरे ठरलेली नसतील, तर कितीही माहिती जमवली तरी तिच्यातून काहीच सांगता येत नाही. हे मी एक अख्खे सत्र वाया घालवून शिकले.

त्या सत्रात मी शहरातील एका शाळेत प्रश्नावली घेऊन गेले होते. ‘तू रोज किती तास गेम खेळतोस?’ हा पहिलाच प्रश्न होता आणि वर्गशिक्षक बाकांमधून फिरत होते. बहुतेक मुलांनी ‘अर्धा तास’ असे लिहिले. मधल्या सुटीत हीच मुले आपापल्या गेममधल्या रँकबद्दल बोलत होती, आणि ती रँक रोजच्या अर्ध्या तासात मिळणारी नव्हती. मुलांनी लपवले हे खरे, पण दोष केवळ त्यांचा नव्हता. खेळण्यात गेलेल्या वेळेचा अंदाज मोठ्यांनाही येत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दोन गेमच्या कंपन्यांकडून ३,२७४ प्रौढ खेळाडूंच्या खेळण्याची प्रत्यक्ष नोंद मिळवली, तेव्हा खेळाडूंनी स्वतः सांगितलेला वेळ त्या नोंदीशी जुळला नाही. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने हा निबंध सर्वांत आधी वाचावा, कारण जुन्या संशोधनापैकी कितीतरी केवळ सांगितलेल्या तासांवर उभे आहे.

फोनमधील डिजिटल वेलबीइंगचे, म्हणजे कोणते अॅप किती वेळ वापरले हे फोन स्वतः नोंदवतो ते, आकडे घेतले की हा प्रश्न सुटेल, असे मला पुढे वाटले. पण शहराच्या पूर्व भागात मी ज्या यंत्रमाग कामगारांच्या घरी गेले, तिथे फोन मुलाचा नव्हता, घराचा होता. एकाच फोनवर आईचे माहेरच्यांशी बोलणे, धाकटीची कार्टून आणि थोरल्याचा गेम चालत असे, त्यामुळे आकडा मिळूनही तो कोणाचा हे कळत नव्हते. एका घरी विड्या वळत बसलेल्या आईजवळ मी बसले होते. मी न विचारताच त्या म्हणाल्या, “ह्यांची पाळी दिवसाची असली की फोन रात्रीच घरी येतो, मग पोरगं झोपायचं सोडून खेळत बसतं.” सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे मी पुस्तकातून पाठ केले होते, ते समजले त्या दुपारी. वडिलांची पाळी बदलली की फोन घरी असण्याची वेळ बदलते, तशीच झोपेची वेळ आणि गृहपाठाकडे पाहणारे माणूसही बदलते. अशा घरात गेम जास्त आणि गुण कमी दिसले, तर पाळीचा हिशेब मांडल्याशिवाय गेमला दोष देता येत नाही.

तेव्हापासून मी ‘किती तास’ हा प्रश्न विचारणे सोडले. ‘काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलेस?’ एवढेच विचारते, सलग सात दिवस, शक्यतो घरी आणि शिक्षकांच्या अनुपस्थितीत. हे काम संथ आहे आणि नमुना लहान राहतो, पण मुले मोकळेपणाने सांगतात.

भाषेसाठी मात्र वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो. इथला एखादा मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी लिहितो आणि गेममध्ये सवंगड्यांशी हिंदीत ओरडतो. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत गेमिंगच्या विकाराचे नऊ निकष आहेत; त्यांवर आधारलेली नऊ प्रश्नांची एक मापनश्रेणी पॉन्टेस आणि ग्रिफिथ्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या मराठी मसुद्यात मी ‘मनोव्याप्ती’ असा शब्द योजला होता आणि तो एकाही मुलाला कळला नाही. ‘खेळत नसतानाही डोक्यात गेमच चालू असतो का?’ असे विचारल्यावर उत्तरे येऊ लागली. भाषांतर झाल्यावर, मूळ प्रश्न न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते उलट भाषांतरित करून घ्यावे. पुष्कळ चुका तिथेच सापडतात. ‘व्यसन’ हा शब्द मी प्रश्नावलीतून पूर्ण काढला, कारण तो वाचताच आईवडिलांच्या डोळ्यांपुढे दारू येते आणि उत्तर रागातून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात, गेमिंगच्या विकाराला स्थान आहे. परंतु त्यासाठी खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसूनही खेळत राहणे, हे सामान्यतः बारा महिने आढळावे लागते. श्रेणीवरचे गुण म्हणजे निदान नव्हे, हे पालकांना दर वेळी सांगावे.

वाचनाची सुरुवात करताना दोन्ही बाजू शेजारी ठेवाव्यात. ग्रीन आणि बॅव्हेलियर यांनी २००३ मध्ये गेम न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज एक तास अॅक्शन गेम दिला आणि तुलनेच्या गटाला टेट्रिस दिला. पहिल्या गटाचे दृश्य-अवधान, म्हणजे डोळ्यांसमोरच्या गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता, अधिक सुधारले. यावरून ‘गेममुळे मुले हुशार होतात’ असे म्हणता येत नाही, कारण मोजले गेले ते अवधान. गणिताचे गुण नव्हेत. उलट बाजूस, हिंसक गेममुळे आक्रमकता वाढते असा निष्कर्ष अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडला; तर शिबिल्स्की आणि वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये आपली पद्धत आधीच जाहीर करून १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा असा संबंध आढळला नाही. गृहीतक व विश्लेषण आधी नोंदवून ठेवण्याची ही शिस्त पहिल्या अभ्यासापासूनच अंगी बाणवावी, असे मी आग्रहाने सांगते. त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. जमोवी आणि आर ही संख्याशास्त्रीय विश्लेषणाची सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

पालकांची संमती मिळाली तरी मुलाची वेगळी अनुमती घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसे स्पष्ट आहे. मुलाने नको म्हटले, तर आईने कितीही आग्रह केला तरी मी त्याची नोंद घेत नाही.

नोंदी कोणत्या महिन्यात घेतल्या यालाही महत्त्व असते. पहिल्या वर्षी मी त्या जानेवारीत घेतल्या आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत गेमचा वेळ एकदम घटलेला दिसला, कारण मुले संध्याकाळभर होम मैदानावर होती. मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, तीच मुले दुपारभर घरात कोंडलेली असतात. म्हणून आता प्रत्येक नोंदीच्या तारखेपुढे शाळा होती की सुट्टी, त्या दिवशी वीज किती वेळ नव्हती आणि घरातला फोन कोणाकडे होता, हेही मी लिहून घेते.