नवे स्की बूट चावतात? आधी मोजे बदला

नव्या स्की बुटांनी पाय ठणकायला लागले की आपण वरून आणखी एक जाड मोजा चढवतो. तिथेच चुकतं, पाय उलट जास्त आवळला जातो. गुलमर्गला निघण्याआधी हे करा:

१. पोटरीपर्यंतचा एकच पातळ मोजा, सुरकुती न पडू देता. थर्मलची कड बुटाबाहेरच ठेवा. आत गेली तर नडगीवर लालभडक वळ उठतो.
२. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. आधी घोट्यावरची बकलं लावा, गुडघे पुढे वाकवा, मग पंजावरची अगदी हलकी.
३. घरी रोज अर्धा तास घाला.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली आणि गुडघे वाकवल्यावर सुटली, तर माप बरोबर आहे. बोटं बधिर झाली तर मात्र बूट लगेच काढा.