म्हातारपण लिस्बनला की दुबईला? बेळगावातून परदेशात घर घेताना

ओळखीतल्या एका जोडप्याचा पोर्तुगालमधला सौदा एका शब्दावर अडला होता. काकांच्या पासपोर्टावर जन्मस्थान इंग्रजीत ‘बेलगाम’, नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर ‘बेळगावी’, आणि शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्यावर ‘बेळगांव, म्हैसूर राज्य’. तिकडच्या वकीलबाईंनी विचारलं, ही तीन वेगळी गावं आहेत का? काका तेव्हा हसले. पुढचे दोन महिने काही हसू आलं नाही.

तरी मला वाटतं, या कामात सीमाभागातला माणूस इतरांपेक्षा थोडा तयार असतो. शेत आपलं, पण पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कानडीत. खरेदीखत वाचून घ्यायला कानडी येणाऱ्या मास्तरांच्या घरी जायचं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारायचं, मगच सही करायची, ही सवय आपल्याला आहे. परदेशात घर घेताना तीच सवय सोबत न्यायची. तिथं कागद पोर्तुगीजमध्ये असेल, अरबीत असेल, थाईमध्ये असेल, एवढाच फरक.

पहिली पायरी : घर आणि राहण्याचा हक्क वेगळे करा

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. घर नावावर झालं म्हणजे तिथं राहता येईल, असा समज असतो. बहुतेक देशांत तसं नाही. म्हणून आधी व्हिसाचा नियम वाचा, मग घराच्या जाहिराती बघा.

थायलंडचं उदाहरण घ्या. परदेशी माणसाला तिथं जमीन नावावर करता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. बाकी मार्ग भाडेपट्ट्याचा, जास्तीत जास्त ३० वर्षांचा. राहायचा व्हिसा वेगळा. वय ५० च्या वर हवं, आणि बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. घर असो वा नसो, त्याला फरक पडत नाही.

पोर्तुगालमध्ये उलट. घर कोणीही घेऊ शकतो. पण घर घेऊन ‘गोल्डन व्हिसा’, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहण्याचा परवाना, मिळवायची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. स्पेननेही ३ एप्रिल २०२५ पासून तो व्हिसा बंद केला. अजूनही काही एजंट जुनी माहितीपत्रकं दाखवतात, त्यावरची तारीख बघा. पेन्शनवाल्यांसाठी पोर्तुगालचा रस्ता म्हणजे डी-७ व्हिसा. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाइतकं नियमित उत्पन्न लागतं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न मला हमखास विचारतात. गोव्यातल्या कोणीतरी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला असतो, मग आपल्याला का नाही? तो रस्ता १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या गोवेकरांचा आणि त्यांच्या वारसांचा. चोर्ला घाटाच्या अलीकडे जन्मलेल्याला तो लागू नाही. आणि तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, हे गोवेकरही उशिरा सांगतात.

मुलगा कॅनडात आहे म्हणून तिथं आपल्या नावावर घर घ्यायचं मनात असेल, तर थांबा. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी आणली आणि नंतर ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून परदेशी लोकांना जुनी, वापरातली घरं घ्यायला मनाई केली.

दुबई आपल्याकडच्या लोकांना जवळची वाटते, विमानाच्या वेळेनेही. तिथं ५५ वर्षांवरच्यांना पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा आहे. १० लाख दिरहमचं घर, किंवा तेवढीच शिल्लक, किंवा ठरावीक मासिक उत्पन्न, यातलं एक लागतं. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाला २० लाख दिरहमचं घर हवं.

मॉरिशसचं नाव मात्र फार कमी जण काढतात. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी लोकांची वस्ती तिथं अजून आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ठरवून दिलेल्या योजनांमध्ये ३ लाख ७५ हजार डॉलरचं घर घेतलं तर राहण्याचा परवाना मिळतो. ५० वर्षांवरच्या निवृत्तांसाठी वेगळा परवानाही आहे. पण कायदा फ्रेंच वळणाचा. संपत्तीतला ठरावीक हिस्सा मुलांना द्यावाच लागतो, मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी.

दुसरी पायरी : आधी भाड्याने राहा

फिरायला गेलो तेव्हाचं ऊन आणि जानेवारीतला लिस्बनचा पाऊस यात फरक आहे. दुबईचा डिसेंबर आणि जुलै यात तर विचारूच नका. ज्या ऋतूची भीती वाटते, त्याच ऋतूत दोन-तीन महिने भाड्याने राहा. किराणा आणा, सरकारी दवाखान्यात एकदा जाऊन या. बायकोला तिथं बोलायला कोण आहे, ते बघा. आमच्या शेजारच्या काकू दोन महिन्यांनी परत आल्या आणि म्हणाल्या, “घर चांगलं होतं रे, पण दिवसभर कुणी बेलच वाजवली नाही की.” पुढचं सगळं त्या एका वाक्यात मिटलं.

तिसरी पायरी : पैशाचं गणित

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली दर आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. योजना २००४ ची, तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. परदेशात घर घेणं यात बसतं.

वर सांगितलेलं १० लाख दिरहमचं घर म्हणजे सुमारे २ लाख ७२ हजार डॉलर. म्हणजे एकट्याची वर्षाची मर्यादा थोडीशी ओलांडली. २० लाख दिरहम म्हणजे सुमारे ५ लाख ४५ हजार डॉलर, नवरा-बायको दोघांची मिळूनही एका वर्षात पुरत नाही. मग काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवायची. दोघांची मर्यादा एकत्र वापरणार असाल, तर घरही दोघांच्या नावावर हवं.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर. वर्षाला प्रत्येकी १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस वरून घेऊन सरकारला भरते. घर ९० लाखांचं असेल आणि एकाच्याच नावाने एकाच वर्षात पैसे गेले, तर ८० लाखांवर १६ लाख टीसीएस. म्हणजे खात्यात १ कोटी ६ लाख हवेत. दोघांनी ४५-४५ लाख पाठवले तर टीसीएस १४ लाख. तेच दोघांनी दोन आर्थिक वर्षांत साडेबावीस-साडेबावीस लाख करून पाठवले तर एकूण १० लाख. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण परत मिळेपर्यंत तो अडकलेला असतो, आणि बिल्डरचा हप्ता थांबत नसतो.

बाकी व्यवहाराचं झटपट सांगतो. पॅन लागतो, बाहेर पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरावा लागतो. गावच्या छोट्या शाखेत हे काम होत नाही, फाइल परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेकडे जाते, म्हणून महिनाभर आधी बोलून ठेवा. या कामासाठी भारतातल्या बँकेला कर्ज देता येत नाही. पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत, तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. घरासाठीचे पैसे ‘मुलाला भेट’ म्हणून पाठवू नका, जे आहे तेच कारण लिहा. आणि ‘रोख इथं द्या, दिरहम तिथं घ्या’ असं म्हणणारा कोणी भेटला, तर चहा न पिता उठा.

इथलं विकून तिथलं घेणार असाल तर

टिळकवाडीतलं जुनं घर विकलं, त्या नफ्यातून परदेशात घर घेतलं, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर वाचेल, असं गृहीत धरू नका. घर विकून घर घेतल्यावर मिळणारी सूट फक्त भारतातल्या घराला आहे. कर भरून उरलेली रक्कमच हिशेबात धरा.

शेतीचं त्याहून नाजूक. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेती घेता येते. पण तुम्ही परदेशात स्थायिक होऊन अनिवासी झालात की फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आडवा येतो. हातात असलेली शेती ठेवता येते, वारशाने येते, नवी घेता येत नाही. खानापूरची दोन एकर विकून लिस्बनला गेलात आणि चार वर्षांनी मन बदललं, तर तिथं बसून पुन्हा शेत घेता येणार नाही. मी तरी शेत शेवटी विकेन.

चौथी पायरी : तिथली पहाणी कुठं मिळते?

आपण पहाणी, फेरफार आणि बोजाचा दाखला बघतो. प्रत्येक देशात त्यांच्या बहिणी आहेत. पोर्तुगालमध्ये नोंदणी कार्यालयाचा उतारा ऑनलाइन मिळतो, त्यात मालक कोण आणि कर्ज किती ते दिसतं. व्यवहारासाठी आधी एनआयएफ हा तिथला करक्रमांक काढावा लागतो. विसार साधारण १० टक्के देऊन करार होतो. तुम्ही मागे फिरलात तर विसार गेला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचा. आपल्याकडच्या साठेखतापेक्षा मला हे रोखठोक वाटतं.

दुबईत बांधकाम चालू असलेलं घर घेताना पैसे बिल्डरच्या साध्या खात्यात नव्हे, त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्या बांधकामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, जायला हवेत. २००७ पासून तिथं तसा कायदा आहे. भूमी विभागाची फी किमतीच्या ४ टक्के. आणि दरवर्षी सर्व्हिस चार्ज लागतो, तो पेन्शनमधून निघेल का, हे आजच लिहून काढा.

वकील स्वतःचा करा. एजंटाने सुचवलेला वकील चांगला असेलही, पण बिल्डरचाच मास्तर आपल्याला कानडी खत वाचून दाखवायला कोणी बसवत नाही.

पाचवी पायरी : दाखले

आता काकांच्या ‘बेळगावी’कडे परत. शहराचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्यामुळे आज साठीत असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या कागदांत दोन स्पेलिंगं आहेत. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, आधार, पॅन आणि पेन्शनची कागदपत्रं टेबलावर एका ओळीत मांडा. नाव, वडलांचं नाव, गाव, जन्मतारीख एकेक करून ताडून बघा. काकूंचं लग्नाआधीचं नाव कुठं शिल्लक आहे, तेही शोधा. फरक असेल तिथं ‘या दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. कानडी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, मग राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, असा क्रम असतो. पोर्तुगाल अपोस्टिल मानतो. प्रत्येक देश मानतोच असं नाही, आधी विचारा. हे काम सौद्याच्या आधी करा, काकांसारखं नंतर नको.

घर झाल्यावर

भारतात निवासी असेपर्यंत ते घर दरवर्षी आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं, भाडं येवो न येवो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी गुंतवणुकीला आता थोडी सवलत आहे, घराला नाही.

स्थायिक झालात की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवरून देता येतो. निवृत्त फौजींनी हे निघायच्या आधी एकदा करून बघावं. दोन्ही देशांसाठी वेगवेगळी मृत्युपत्रं करा, आणि एकाने दुसरं रद्द होत नाही, हे दोन्हींत लिहा.

राहिलं इथलं शेत. त्यासाठी तिथून पुतण्याच्या नावे मुखत्यारपत्र पाठवणार असाल, तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करा, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला लावा. त्यात फक्त पहाणीची कामं आणि पीकपाण्याचे अधिकार द्या. विक्रीचा अधिकार त्या कागदात नको, पुतण्या कितीही गुणी असो.