सेन्सर गेला म्हणण्याआधी: वॉटरप्रूफ डीएस१८बी२० वापरताना या चुका टाळा

डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर कधी −१२७ दाखवतो, कधी ८५. नवशिका दोन्ही वेळा एकच निकाल देतो: सेन्सर गेला. मग नवा आणतो आणि तोही तसाच वागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, या स्टीलच्या नळ्यांचा निम्मा खप याच गैरसमजावर चालत असावा.

−१२७ आणि ८५ ला तापमान समजणे

−१२७ हा डॅलस लायब्ररीचा, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडचा, निरोप आहे: सेन्सर सापडला नाही. ८५ हा वीज मिळताच चिपच्या मेमरीत बसणारा आकडा. तो दिसला की समजायचं, मोजणी झालीच नाही किंवा मध्येच वीज तुटली. १२ बिट, म्हणजे सर्वांत बारीक, मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात. तेवढं न थांबता वाचणारे घाईखोर वीजपुरवठ्यावर खापर फोडतात.

यातून होणारं नुकसान मात्र खरं असतं. माशांच्या टाकीत ठरलेला प्रकार असा: कोडमध्ये एकच अट, २६ च्या खाली गेलं की हीटरचा रिले (कोडच्या हुकमावर चालणारा स्विच) चालू. रात्री कनेक्टरमधली तार सैल होते आणि लायब्ररी −१२७ देते. −१२७ हे २६ पेक्षा कमीच, त्यामुळे रिले चालू. दर फेरीत पुन्हा तेच. सकाळी पाणी कोमटाच्या पलीकडे गेलेलं असतं आणि मासे उताणे. म्हणून −१२७, नेमके ८५ आणि १० ते ४० च्या बाहेरचं काहीही आधी फेकून द्या. लागोपाठ पाच वाचनं फुकट गेली तर हीटर बंद. शिवाय हीटरच्या लाइनमध्ये ३० वर लावलेला साधा थर्मोस्टॅट हवाच. जीव असलेली टाकी एकट्या कोडच्या भरवशावर सोडू नये.

पुलअपची काटकसर

पुलअप म्हणजे डेटाची तार आणि व्हीसीसी (वीजपुरवठ्याची तार) यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. अर्डुइनो उनो बोर्डातला आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा असतो. टेबलावर वीतभर तारेवर तो चालतो, तीन मीटर केबल लावली की रुसतो. लांब केबलला २.२ किलोओहम लावून बघा.

उलट चूकही तितकीच होते. पाच सेन्सर, प्रत्येकाची छोटी अडॅप्टर पट्टी, प्रत्येक पट्टीवर ४.७ किलोओहम. समांतर जोडणीत झाले ९४० ओहम. ५ व्होल्टवर ५ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह आणि सेन्सरची ओढायची हमी ४ मिलिअँपिअरची. एक पट्टी ठेवा, बाकीच्यांवरचे रेझिस्टर काढून टाका.

ईएसपी (वायफाय असलेल्या) बोर्डावर पुलअप ३.३ व्होल्टला, ५ ला नाही. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत, तिथे हा सेन्सर कधीच बोलणार नाही.

तीन तारा हातात असताना पॅरासाइट पद्धतीने (डेटाच्या तारेतूनच वीज घेऊन) दोनवर चालवायचा हट्ट करू नका.

तारांच्या रंगांवर विश्वास नको. नळी हाताला गरम लागली तर जोडणी उलटी आहे, लगेच काढा.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबणे

नळीचं बंद टोक सहसा गळत नाही. गळतो तो गळा, जिथे केबल नळीत शिरते. नळी तापते तेव्हा आतली हवा बाहेर पडते, थंड होताना गळ्यातून पाणी आत ओढलं जातं. काही आठवड्यांनी आकडे भरकटतात, मग −१२७. उन्हात वाळवला की सेन्सर पुन्हा शहाणा, त्यामुळे मालक सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो.

पाण्यात सोडण्याआधीच गळा स्पिरिटने पुसून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा, किंवा इपॉक्सी भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याचं आम्ल तांब्याला खातं. जमेल तिथे गळा पाण्याच्या वर ठेवा. केबलचं दुसरं टोक दमट डब्यात उघडं असेल तर ओल आवरणातून आतपर्यंत झिरपते, तेही बंद करा.

तपासणी सोपी आहे. मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून सकाळी मल्टिमीटरचं एक टोक पाण्यात, दुसरं एकेका तारेला. मीटरने मेगाओहममध्ये काहीही दाखवलं तर पाणी आत गेलंय.

चिप १२५ अंशांपर्यंत चालते म्हणून पीव्हीसी केबल उकळत्या तेलात घालू नये.

एकाच आकड्यावर कॅलिब्रेशन

आकडा दोन ठिकाणी तपासा. चुरलेला बर्फ, थोडं पाणी, ढवळून दहा मिनिटं: ०.५ च्या आत शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात फक्त नळी बुडवा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा कोडमध्ये दोन अंश मिळवून १०० करण्याच्या भानगडीत पडू नका.